पांढरी रेघ

२०२५च्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे नाशिकला आला तो एका बॅगेत कपडे आणि दुसऱ्या बॅगेत विमान घेऊन. वय चाळिशीला टेकलेले, नोकरी सॉफ्टवेअर कंपनीत, दोन मुलांचा बाप. पण फराळाचे डबे बाजूला सारून त्याने जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला, उजव्या हाताला एक दांडी बसवली, डाव्या हाताला इंजिनाचा खटका, आणि टेबलाखाली पायाने दाबायची दोन पेडल. आमच्या सौ.नी विचारले, "अरे, शिवणयंत्र आणलंस की काय?"

"नाही मामी, मिग आणलंय," तो म्हणाला.

मिग म्हटल्यावर शेजारच्या अण्णांना बोलावणे भागच होते. ओझरच्या एचएएल कारखान्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षे गेली. मिग-२१ विमाने आपल्याकडे परवान्याने बांधायला सुरुवात झाली तेव्हा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. सहाशेहून अधिक विमाने अशी तयार झाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला समारंभ होऊन मिग-२१ आपल्या हवाई दलातून निवृत्त झाले. १९६३पासूनची बासष्ट वर्षांची सेवा संपली. त्या दिवशी अण्णा टीव्हीसमोरून उठले नव्हते.

तेच अण्णा आता चष्मा सारखा करून भाच्याच्या पडद्यात डोकावले. समोर मिगचा कॉकपिट होता. निळसर हिरव्या रंगाची पाटी, तिच्यावर गर्दी करून बसलेली घड्याळे, आणि पाटीच्या मधोमध वरून खाली गेलेली एक पांढरी रेघ. अण्णांनी त्या रेघेवर बोट ठेवले.

"ही कशाला असते, सांग बघू."

भाच्याला ठाऊक होते. विमान गिरकीत सापडले की वैमानिकाला वर-खाली, डावे-उजवे काही कळेनासे होते. हातातली दांडी मध्यावर आहे की नाही एवढेही उमजत नाही. अशा वेळी विचार करायचा नाही, दांडी त्या रेघेसमोर न्यायची. रेघ त्यासाठीच.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "पण रेघ काय, कोणीही काढील. दांडी तिथं नेल्यावर विमान सावरतं का?"

भाच्याने विमान उंच नेले, वेग मारला आणि मुद्दाम गिरकीत टाकले. पडद्यावर जमीन भोवऱ्यासारखी फिरू लागली. त्याने दांडी रेघेसमोर आणून धरून ठेवली. काही गिरक्यांनंतर जमीन थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "किती उंची गेली ते लिहून ठेव. आणि पुस्तकात किती म्हटलंय ते बघ."

त्या एका वाक्यात या सगळ्या छंदाचे मर्म आहे, हे मला दोन दिवसांनी कळले.

या खेळात मूळ कार्यक्रम एक असतो आणि विमाने सुटी विकत घ्यायची असतात. अशा सुट्या विमानाला 'मॉड्यूल' म्हणतात. भाचा वापरतो तो 'डीसीएस' हा कार्यक्रम ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा. ती १९९१मध्ये मॉस्कोत सुरू झाली आणि १९९५ साली 'सुखोई-२७ फ्लँकर' या खेळाने तिचे नाव झाले. मिग-२१चे मॉड्यूल २०१४मध्ये आले, तेही एका वेगळ्याच चमूने बनवलेले. याच कंपनीच्या ए-१० विमानाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डच्या वैमानिकांसाठी तयार केलेल्या टेबलावरच्या प्रशिक्षण-संचातून ते घराघरांत आले. म्हणजे खेळणे आणि प्रशिक्षणाचे साधन यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

अशा विमानाचा खरेपणा तीन थरांचा असतो. पहिला थर दिसण्याचा. रंग, खिळे, झिजलेल्या कडा. तो डोळ्यांना लगेच पटतो आणि जाहिरातीत तोच दिसतो. दुसरा थर यंत्रणांचा. इंजिन सुरू करायला बॅटरी, पंप, इंधन यांची बटणे ठरल्या क्रमानेच दाबली पाहिजेत. एक चुकले की इंजिन सुरू होता कामा नये. तिसरा थर उड्डाणाचा. अमुक वजनाचे विमान अमुक उंचीवर वळवले तर त्याचा वेग किती घटतो, त्रिकोणी पंखाचे हे विमान हळू झाले की कसे बसते, हे संगणक दर सेकंदाला अनेकदा गणित करून ठरवतो. पांढरी रेघ पहिल्या थरात आहे. अण्णांचा प्रश्न तिसऱ्या थरातला होता.

तिसऱ्या थरातला दोष डोळ्यांना दिसत नाही. तो शोधावा लागतो. संगणकवाले अशा दोषाला 'बग' म्हणतात आणि आमचा भाचा रात्री दहानंतर बग शोधतो. शोधतो म्हणजे काय? त्याच्या वहीतले एक पान मी वाचले. विमानाचे वजन, टाकीतले इंधन, उंची, हवेचे तापमान, वळणाची सुरुवात ज्या वेगाने केली तो वेग. मग तेच वळण दहा वेळा. दहाही वेळा आलेले आकडे. शेजारी मूळ विमानाच्या पुस्तिकेतला आलेख आणि पानाचा क्रमांक. शेवटी दोन आकड्यांतला फरक. सोबत त्या उड्डाणाची नोंद, म्हणजे बनवणाऱ्याला आपल्या संगणकावर तेच उड्डाण पुन्हा बघता यावे. कुठेही "मला वाटते" नाही.

ते पान वाचताना मला एकदम आमची शाखा आठवली.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी अधिकारी होतो. नियम असा की काही महिने यंत्रही चालवायचे आणि हाताने लिहायची लेजरेही; दोन्हींचे ताळे जुळले की लेजरे बंद. आमचा ताळा जुळत आला होता. वरच्या कार्यालयाला तसे कळवायची तारीखही ठरली होती. तेवढ्यात बचत खात्याच्या काउंटरवरच्या एक बाई कागद घेऊन आल्या. सहामाही व्याजात काही खात्यांवर रुपया-दोन रुपयांचा फरक पडत होता. यंत्र पुरवणाऱ्यांचा तरुण म्हणाला, "साहेब, एवढ्या मोठ्या बेरजेत हे काहीच नाही." मीही त्याच्याच बाजूचा होतो. बाईंना म्हटले, "फरक सस्पेन्स खात्याला टाका."

बाईंनी कागद उलटला. मागच्या बाजूला त्यांनी कारण लिहून आणले होते. त्या काळी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीतकमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळे. वडीलधारी माणसे "दहा तारखेच्या आत पैसे भर रे" असे का म्हणत, ते त्यामुळे. आमचे यंत्र दहा तारखेची सकाळची शिल्लक धरत होते, संध्याकाळची नव्हे. त्यामुळे नेमके दहा तारखेला पैसे भरणाऱ्याचे महिन्याचे व्याज बुडत होते. "साहेब, हा फरक नाही, ही चूक आहे," बाई म्हणाल्या. "फरक एकदा येतो. ही दर महिन्याला येणार."

त्यांच्या कागदावर आणखी एक यादी होती. महिन्याच्या शेवटच्या दिवशी काढलेले पैसे यंत्र विचारातच घेत नव्हते, त्यामुळे काही खात्यांना व्याज जास्त लागले होते. मी विचारले, "यांच्यापैकी कोणी तक्रार केली?" बाई हसल्या. व्याज कमी लागले की गिऱ्हाईक काउंटरवर येते. जास्त लागले तर घरी बसते.

आपल्या तोट्याची चूक कळवायला फारशी सचोटी लागत नाही. आपल्या फायद्याची चूक कळवायला लागते. आणि भाच्याच्या छंदात हाच कस लागतो. त्याच्याकडच्या दुसऱ्या एका विमानात, कोणाचे ते सांगत नाही, त्याला आढळले की ते पुस्तिकेत म्हटले आहे त्यापेक्षा चपळ वळते. ज्या मंडळींबरोबर तो रात्री हवाई लढाया खेळतो त्या सगळ्यांचे ते लाडके विमान. त्याने दोष कळवायचे ठरवले तेव्हा मित्र म्हणाले, "गप्प बस ना, आपण जिंकतोय." त्याने कळवले. पुढच्या आवृत्तीत विमान सुस्तावले आणि हा दोन आठवडे हरत राहिला. मित्रांनी अबोला धरला तो वेगळाच.

इथे वाचक विचारतील की खेळण्यातल्या विमानाच्या वळणासाठी एवढा जीव का टाकायचा? मीही हेच विचारले होते. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते.

अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या माणसाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतो तसा ऑर्गनलाही भाता असतो. त्या भात्यांची हवा वापरून लिंकने १९२९ साली जमिनीवरच डुलणारे, कलणारे छोटे विमान बनवले. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीच्या जागांनाच जास्त विकले गेले. १९३४मध्ये अमेरिकेत टपाल वाहून नेण्याचे काम लष्करी वैमानिकांवर पडले. ढगांतून, रात्री, केवळ घड्याळांवर विसंबून उडायची त्यांना सवय नव्हती. अनेक वैमानिक मेले. तेव्हा लष्कराने लिंकची यंत्रे घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक त्यांच्यावर शिकले. जत्रेतले खेळणे असे शाळेत गेले.

पण शाळेतला धडाच चुकीचा असला तर? १२ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे प्रवासी विमान न्यूयॉर्कहून निघाले आणि काही मिनिटांतच शहराच्या क्वीन्स भागात कोसळले. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ लोक गेले. पुढे गेलेल्या विमानाच्या मागे उरलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकाने सुकाणूची पेडल जोरजोरात, आलटून पालटून दाबली आणि शेपटीचा उभा पंखच तुटला. चौकशी मंडळाने त्या विमानाच्या सुकाणूच्या रचनेबरोबरच कंपनीच्या प्रशिक्षणातल्या काही भागांनाही अपघाताला हातभार लावणारे कारण म्हटले. त्या प्रशिक्षणात सिम्युलेटरवर एक सराव होता. भोवऱ्यात सापडलेले विमान खूप कलावे म्हणून त्यात वैमानिकाच्या दांडी-पेडलचा परिणाम काही क्षण मुद्दाम दाबून ठेवला जाई. त्यामुळे मोठ्या विमानालाही असा भोवरा पार उलथून टाकतो आणि त्याला जोरदार उत्तर द्यावे लागते, अशी अतिरंजित समजूत वैमानिकाच्या मनात बसू शकते, असे मंडळाने नोंदवले.

सिम्युलेटर बंद पडला तर वेळ जातो. तो आत्मविश्वासाने खोटे शिकवू लागला तर हाताला खोटी सवय लागते, आणि संकटात माणूस विचाराने वागत नाही, सवयीने वागतो. पांढरी रेघ त्या सवयीसाठीच तर रंगवलेली असते.

खऱ्या लढाऊ विमानांतही आता मणामणाने सॉफ्टवेअर असते आणि त्यातही चुका राहतात. फेब्रुवारी २००७मध्ये अमेरिकेची अत्याधुनिक एफ-२२ विमाने हवाईहून जपानकडे निघाली होती. पॅसिफिक महासागरात जिथे तारीख बदलते ती आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताच त्यांचे संगणक गडबडले. दिशा आणि दळणवळणाच्या यंत्रणा बंद पडल्या. हवा चांगली होती आणि सोबत इंधन पुरवणारी विमाने होती, त्यांच्या मागोमाग ती परतली. ही बातमी वाचली तेव्हा मला आमची दहा तारीख आठवली होती. यंत्र चुकते ते बहुधा अशा काठावर, जिथे एक दिवस संपून दुसरा सुरू होतो.

मग चुका शोधायच्या कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी? डिसेंबर १९९८मध्ये मायक्रोप्रोज कंपनीने 'फाल्कन ४.०' हा एफ-१६ विमानाचा खेळ बाजारात आणला. सोबत सुमारे सहाशे पानांची पुस्तिका. त्यातले कोरियातले युद्ध तुम्ही उडा अथवा उडू नका, आपले आपण पुढे सरकत असे. कल्पना भव्य होती, पण नाताळच्या बाजारासाठी घाईने आलेला हा खेळ चुकांनी भरलेला होता. वर्षभर दुरुस्त्या निघाल्या आणि १९९९च्या अखेरीस तो बनवणाऱ्यांनाच कामावरून काढून टाकण्यात आले. एरवी गोष्ट इथेच संपायची. पण २०००च्या एप्रिलमध्ये त्याचा मूळ संकेत चोरवाटेने बाहेर फुटला. त्या फुटीचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांनी जे केले ते विलक्षण आहे. कुणाकडूनही पगार न घेता त्यांनी एकेक चूक शोधली, मोजली, सुधारली. 'बीएमएस' या नावाने ते काम पंचवीस वर्षांनंतरही चालू आहे आणि एफ-१६चा अभ्यास करू पाहणारे आजही ते उघडतात.

या गोष्टीला दोन बाजू आहेत. हौशी माणसांची चिकाटी ही एक. दुसरी अशी, की तिचा अंदाज आल्यावर धंद्याने तिच्यावर विसंबायला सुरुवात केली. आता अनेक विमाने अपुरी असतानाच विकायला येतात. 'अर्ली अॅक्सेस' असे त्याला नाव आहे. एफ/ए-१८ हॉर्नेट २०१८मध्ये, एफ-१६ २०१९मध्ये याच पद्धतीने विक्रीला आले आणि पुढे कित्येक वर्षे त्यांत भर पडत राहिली. अपुरे आहे हे आधी सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही, हे मला मान्य आहे. पण बँकेत आम्ही अर्धवट बांधलेल्या घरावर कर्ज देत असू तेव्हा पैसे टप्प्याटप्प्याने देत असू. जोते झाले की इतके, स्लॅब पडला की इतके. इथे गिऱ्हाईक बहुतेक सगळे पैसे आधी देते आणि वर गवंड्याच्या चुकाही तेच शोधून देते. २०२४मध्ये एफ-१५ईचे मॉड्यूल बनवणारा रॅझबॅम हा चमू आणि ईगल डायनॅमिक्स यांच्यात पैशांवरून वाद झाला आणि विमानाचे काम थांबले. दोघांच्याही बाजू आहेत. पण मध्ये अडकले ते ज्यांनी आधीच पैसे मोजले होते ते.

आणि पुराव्यालाही एक मर्यादा असते. 'वॉर थंडर' या दुसऱ्या एका खेळात २०२१ साली एकाने ब्रिटिश रणगाडा चुकीचा दाखवला आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानेच जगजाहीर केली. २०२३मध्ये एफ-१६ची, प्रसारावर निर्बंध असलेली कागदपत्रेही अशीच बाहेर आली. खेळ चालवणाऱ्यांनी ती काढून टाकली. खरेपणाच्या नादात माणूस किती वाहवतो याचा हा नमुना. भाच्याचा नियम साधा आहे. जे खुलेपणाने मिळते तेवढ्यावरच बोलायचे. जे मिळत नाही त्याबद्दल "माहीत नाही" असे लिहायचे. हिशेबाच्या वहीत न जुळलेली रक्कम न जुळलेली म्हणून दाखवणे हीसुद्धा सचोटीच असते. ती कुठेतरी बसवून टाकली की खरी गडबड सुरू होते.

आमच्या त्या बाईंचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. काही झाले नाही. यंत्रवाल्यांनी तीन महिन्यांनी कार्यक्रम सुधारला, आम्ही व्याज पुन्हा लावले, वरच्या कार्यालयातून उशिराबद्दल मला खरमरीत पत्र आले. बाईंना शाबासकीचे पत्र आले नाही, आणि मीही तेव्हा ते मागितले नाही. या गोष्टीला तीसहून अधिक वर्षे झाली. मला आजही ते बोचते. चूक दाखवणाऱ्याला आपण नेहमी कामात खोळंबा करणारा समजतो. काम त्याच्यामुळेच खरे होते, हे निवृत्त झाल्यावर सुचते.

भाऊबीजेच्या संध्याकाळी अण्णा पुन्हा आले. या वेळी हातात एक जुनी वही होती. कारखान्याची नव्हे, स्वतःची. एखादी गोष्ट पहिल्यांदा समजली की ते त्या दिवशी घरी येऊन आपल्या शब्दांत लिहून ठेवत. "यात गुपित काही नाही रे, नुसत्या माझ्या चुका आहेत," ते म्हणाले आणि भाच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. ज्या विमानाच्या जुळणीत आयुष्य गेले ते त्यांनी स्वतः कधी उडवले नव्हते. भाच्याने दांडी त्यांच्या हातात दिली. पहिल्याच वळणात अण्णांनी विमान गिरकीत घातले.

पडद्यावर जमीन फिरू लागली. भाचा काही बोलला नाही. अण्णांचा हात थरथरला, मग सावकाश त्या पांढऱ्या रेघेसमोर आला आणि तिथेच थांबला. जमीन फिरायची थांबल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"उंची किती गेली?" त्यांनी विचारले.

भाच्याने वही उघडली होतीच.